व्याही रविवारी कुठे जातील

अन्याय माझ्या ताईवर झाला. १९५६ सालच्या भाऊबीजेला झाला, सकाळी, नागपुरात, तिच्या सासरच्या दारात. राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं सौंसर मध्यप्रदेशातच राहिलं, त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे लेकीवरच्या अन्यायाची गोष्ट सांगताना लोक आधी पावसापाण्याचं बोलतात, मग कापसाचं, मग संत्र्याच्या बहाराचं, आणि निघताना चपला पायात घालता घालता म्हणतात, पोरीचं जरा ठीक नाही जी. मला तसं सांगायचं नाही.

ताईला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. लेकीला सातव्यात आणतात. आठव्यात गर्भारशीला वेस ओलांडू देत नाहीत, आणि नवव्यात रस्त्यावर काढायची कोणाची छाती होत नाही. म्हणजे आणायची तर सातव्यातच. दसऱ्याला आम्ही निरोप पाठवला, उत्तर आलं, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली.

मी त्या दिवसांत सौंसरात पत्रकं वाटत फिरत असे. छापलेली कमी, हातानं लिहिलेली जास्त. आमचा कापूस नागपूरला जातो, आमची संत्री नागपूरला जातात, आमच्या लेकी नागपूरला नांदतात, मग आमचं राज्य भोपाळला का, असं मी लिहीत असे आणि बाजाराच्या दिवशी ओरडून वाचत असे. ताईच्या सासऱ्यांना ती पत्रकं फार आवडत. दर खेपेला ते एक मागून घेत.

भाऊबीजेला मी अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं नागपूरला गेलो. काखेत ओवाळणीचं लुगडं, हातात आईनं दिलेला चिवडा. महाल भागातल्या त्या घरापुढे रांगोळी होती, आतून अनारशांचा वास येत होता. ताईच्या सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“सुतक आहे आम्हाले. सून ओवाळणार नाही.”

“कोण गेलं?”

“भावकीतलं.”

“भावकीतलं कोण?”

“तुम्ही नाही ओळखत.”

सुतकाशी कोणाला भांडता येत नाही. सरकारशी भांडता येतं, सुतकाशी नाही. मी ओसरीवर बसलो. सासरे आरामखुर्चीत माझंच पत्रक वाचत होते. म्हणाले, “छान लिहिता तुम्ही. मराठी माणूस एक झाला पाहिजे.”

मी म्हटलं, “मग ताईला पाठवा.”

त्यांनी पत्रकाची घडी केली. “त्याचं असं आहे, आता तिकडे दुसरं राज्य झालं. पोरगं तिकडे जन्मलं तर जन्मभर मध्यप्रदेशचं म्हणून लिहिलं जाईल. उद्या इथं त्याले नोकरी कोण देईल?”

ताईचा नवरा, आमचे जावई, खांबाशी उभे होते. ते सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या कचेरीतली अर्धी माणसं सामानसुमान, फायली आणि बायकापोरांसकट भोपाळला रवाना झाली होती आणि हे मागे राहिले होते. ते हळूच म्हणाले, “बायकोचं बाळंतपण तिकडे झालं असं साहेबांच्या कानावर गेलं, तर म्हणतील यांचं घरच तिकडे आहे. पाठवा यांनाही भोपाळला.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तो माणूस खरोखर भ्यायलेला होता. माझ्या ताईच्या पोटातल्या जिवाला त्यांनी आतापासून नोकरी शोधून ठेवली होती, आणि तो जीव जगेल कसा हे एकालाही सुचत नव्हतं.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पावलं सुजून पावासारखी झालेली. तांब्या ठेवायला वाकली तेव्हा एवढंच म्हणाली, “आईले सांग, मोठ्या जाऊबाईंची खोली मले दिली.”

त्या घरची थोरली सून आदल्या हिवाळ्यात मागच्या खोलीत बाळंत होता होता गेली होती. दोन दिवस अडली होती. दवाखाना टांग्यानं जाण्याइतका जवळ होता, पण बाई आमच्या घरचीच आहे, घरातच मोकळी होईल, असं म्हणून टांगा कोणी बोलावला नाही. तिची दोन पोरं अंगणात फुलबाज्यांच्या तारा गोळा करत होती.

निघताना सासरे म्हणाले, “येत्या रविवारी येऊ नका बरं का. पोरांले घेऊन आम्ही फिरायले जाऊन राहिलो. दिवसभर.”

कुठे ते सांगितलं नाही.

मी सौंसरला येऊन आईला खोलीचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही, पण खडे तांदळात आणि तांदूळ खड्यांत पडायला लागले. आठवा महिना सोमवारी लागत होता. आमच्याकडे उरला होता तो एकच रविवार.

दारात गेलो तर दार लावतील, हे कळत होतं. पण तीच माणसं चारचौघांत भेटली तर? शंभर माणसांपुढे गर्भार लेकीच्या आईला नाही म्हणायची हिंमत त्यांना होणार नाही. त्यांना फक्त एका गोष्टीचं भय होतं, लोक काय म्हणतील. आम्ही ठरवलं की आपणही रविवारी फिरायला जायचं, जिथं ते जातील तिथं. ताईला छोट्या गाडीच्या गर्दीत आणता येणार नव्हतं, म्हणून मोटार हवी होती.

मोटार मामानं आणली. मामा पांढुर्ण्याला कापसातली सरकी काढायच्या जिनच्या एका मालकाकडे मोटार चालवायचा. शनिवारी संध्याकाळी ती काळी गाडी आमच्या आळीत शिरली तेव्हा अर्धी आळी मागे धावली.

बाबांनी विचारलं, “मालकांना माहीत आहे?”

“मालक काशीले गेले, भाऊजी. गाडी धुऊन ठेव म्हणाले. धुतली. आता वाळवायले नागपूरपर्यंत तर न्यावीच लागंल.”

बाबा शाळामास्तर. त्यांनी अट घातली. भांडण नाही, ओढाताण नाही. घरची माणसं सहलीला आली आहेत असंच दिसलं पाहिजे. आईनं दशम्या केल्या, झुणका केला, टोपलीत संत्री भरली. मग आम्ही चौघं ठरवायला बसलो की व्याही जातील कुठे.

बायकापोरांना घेऊन दिवस काढावा अशा नागपुरातल्या तीन जागा आम्हाला ठाऊक होत्या. एक प्राण्यांची बाग. एक तलाव. तिसरं, दिवाळीपासून एका मैदानात लागलेलं प्रदर्शन, आकाशपाळणा आणि मौत का कुआं असलेलं.

बाबा म्हणाले, “प्रदर्शन. त्यांना आपली ऐट लोकांना दाखवावी लागते. नवीन कपडे काय वाघाला दाखवतील?”

आई म्हणाली, “त्या बाईनं लग्नात आपल्या पंगतीतले उरलेले लाडू ट्रंकेत भरून नेले. ती तिकीट काढंल? बागेत जातील. तिथं पाहणं फुकट.”

मामा म्हणाला, “बाई, पोटुशी पोरगी सोबत आहे. तिले पाळण्यात कोण बसवते? वाघापुढे कोण उभं करते? गर्भावर डरकाळी पडते म्हणतात. तलावच. सावलीत बसतील, खातील, येतील.”

मी म्हणालो, सासरे मोठ्या माणसांत ऊठबस दाखवणारे आहेत, आणि मोठी माणसं संध्याकाळी तलावावर फिरतात. म्हणजे दोन मतं तलावाला. आई म्हणाली, मतदान काय करून राहिले, माझी पोरगी तिथं आहे. मग पुन्हा पहिल्यापासून. जावयाला काय आवडतं, पोरं कशाचा हट्ट धरतील, दुपारचं ऊन कुठे कमी, सासूबाईंचे गुडघे किती चालतील. त्या घरातल्या एकेका माणसाची आवड आम्ही तासभर तोलली. शेवटी ठरलं, आधी बाग, मग तलाव, मग प्रदर्शन.

सकाळी लवकर निघालो. लोधीखेड्याच्या पुढे कुठेतरी राज्य संपत होतं. कुठे ते दिसेना. दोन्हीकडे तोच कापूस, तेच बोंड, बांधावर तशाच बाया. मामा म्हणाला, “पत्रकवाले, सांगा न, परदेश लागला का?”

आई म्हणाली, “हॉर्न वाजव. पुढे म्हशी आहेत.”

बागेत आम्ही सहलीची माणसं असल्यासारखे शिरलो. बाबांच्या हातात टोपली, माझ्या खांद्यावर सतरंजी. वाघाच्या पिंजऱ्यापुढे गर्दी होती आणि आई वाघाकडे पाठ करून उभी होती. ती माणसं पाहत होती. प्रत्येक गर्भार बाईच्या चेहऱ्यापर्यंत जाऊन येत होती. एका बाईनं विचारलंही, काय पाहता जी? आई म्हणाली, काही नाही, माझी लेक अशीच आहे. माकडांपाशी पाहिलं, मोरांपाशी पाहिलं, झाडांखालच्या एकेका पंगतीत पाहिलं. ऊन चढलं. नव्हते.

तलावावर वारा होता आणि माणसं थोडी होती. एका नजरेत कळलं की नाहीत. तरी आम्ही काठाकाठानं पूर्ण फेरी घातली, कारण नाहीत असं म्हणून गाडीत बसणं कोणालाच जमेना. बाबा म्हणाले, चार घास खाऊन घेऊ. कोणी टोपली उघडली नाही. मामा बोनेटला टेकून उभा होता. सकाळपासून गमती करणारा माणूस, आता त्याच्याजवळ एकही उरली नव्हती. म्हणाला, “फिरायले गेलेच नसले तर? नुसतं तुम्हाले टाळायले सांगितलं असंल तर?”

उद्या आठवा लागला की ते आम्हालाच रीत ऐकवणार होते. आठव्यात नेतात का कोणी, तुम्ही मास्तर माणसं, तुम्हाले इतकंही कळत नाही? आमचीच रीत आमच्या तोंडावर फेकणार होते, आणि ताई त्या खोलीत राहणार होती.

प्रदर्शनाच्या मैदानात धूळ उडत होती. भोंग्यावर गाणं, त्यावर मौत का कुआंवाल्याची हाळी, त्यावर पोरांचं रडणं. आकाशपाळणा वर-खाली होत होता. त्याच्या खाली, भज्यांच्या दुकानापाशी, मला सासूबाईंचं हिरवंगार नवं लुगडं दिसलं. सुतकातलं.

सासरे होते, जावई होते, थोरलीची दोन्ही पोरं होती. ताई नव्हती.

आई त्यांच्या मागे पाहत होती, बाजूला पाहत होती, दुकानाच्या आडोशाला पाहत होती. मग तिचे डोळे थांबले. मलाही त्याच वेळी कळलं. आम्ही त्या घरातल्या सगळ्यांची आवड तोलली होती, सासूच्या गुडघ्यांपर्यंत. पण ताईला ते बरोबर आणतीलच, हे आम्ही चौघंही धरून चाललो होतो. सात महिन्यांच्या गर्भारशीला कोणी मैदानात आणत नाही. दृष्ट लागते, धक्का लागतो, आणि घर राखायला कोणीतरी लागतंच.

आम्ही अजून त्यांना दिसलो नव्हतो. तेवढ्यात त्यांच्याच गल्लीतली एक बाई, कडेवर मूल, सासूबाईंना भेटली आणि मोठ्यानं म्हणाली, “काकू, सून दिसत नाही जी? कुठे ठेवली?”

सासूबाई म्हणाल्या, “माहेरी पाठवली न. पहिलटकरीण आहे. आमच्याकडे रीत म्हणजे रीत.”

माझ्या तोंडात शब्द आले होते, पत्रकातले, बाजारात ओरडायचे ते सगळे. आईनं माझं कोपर धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली. ती पुढे झाली आणि तिनं वाकून नमस्कार केला.

“विहीणबाई, बरं झालं भेटल्या.”

सासूबाईंच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

आई त्या शेजारणीकडे वळून म्हणाली, “खरं आहे, माहेरीच चालली आमची पोरगी. न्यायलेच आलो आम्ही. मोटार आणली. विहीणबाईंनी मोठ्या मनानं पाठवली, नाही तर आजकाल कोण पाठवते, राज्यं बदलली तेव्हापासून.” मग विहिणीला म्हणाली, “घराची किल्ली तेवढी द्या. तिची लुगडी राहिली आत.”

“मोटारीनं?” शेजारीण म्हणाली. “नशीब काढलं हो सुनेनं.”

“मीच येते न सोबत,” सासूबाई म्हणाल्या.

“नको नको. सुतकातून उठून तुम्ही आज कुठे बाहेर पडल्या. पोरांले पाळण्यात बसवा.”

“सुतक?” शेजारणीनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “कोणाचं सुतक, काकू?”

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. मराठी माणूस एक झाला पाहिजे म्हणणारे ते गृहस्थ आकाशपाळण्याकडे मान वर करून पाहत होते, जणू तो आता पडणार होता. जावई भजी खात होते. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा द्रोणात. सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि आईच्या हातावर ठेवली.

आई मैदानातून चालत बाहेर आली. मामानं गाडीचं दार उघडून तिला आत बसवलं.

दाराला बाहेरून मोठं कुलूप होतं. जिवंत माणूस आत ठेवून लावलेलं. ते काढून आम्ही मागच्या खोलीत गेलो. ताई भिंतीला पाठ लावून बसली होती. कुलूप वाजलेलं ऐकून तिला वाटलं, तेच आले. ताटात झाकलेला भात तसाच होता. तिच्या पायात चपला जाईनात. आईनं त्या हातात घेतल्या.

ताईनं विचारलं, “त्यांनी पाठवलं?”

“हो.”

“खरं सांग, आई.”

“विहीणबाईंनी चारचौघांत सांगितलं, पाठवली म्हणून.”

बाबा दारात उभे होते. भांडण नको म्हणणारा माणूस. म्हणाले, “लवकर चला,” आणि त्यांनी तिची लुगडी काखेत मारली.

आम्ही कुलूप पुन्हा लावलं, किल्ली त्या शेजारणीच्या घरी तिच्या सासूकडे दिली. वाटेत दिवे लागले होते. मैदानाजवळून जाताना पाळण्यावरचे रंगीत गोळे दिसले. मामानं वेग कमी केला. “ताई, पाहतं का? दोन मिनिटं. गाडीतूनच.”

“मामा, दोन वर्षं झाली मले नागपुरात. स्टेशन पाहिलं अन् घर पाहिलं.”

“मग थांबू?”

“नका थांबू. कुठेच थांबू नका.”

सौंसर येईपर्यंत तिनं दाराची कडी सोडली नाही.

ताई वाचली. सोपं गेलं नाही. सूज मेंदूकडे जाईल अशी भीती होती, सरकारी दवाखान्यातली नर्स रात्रंदिवस येऊन बसली. मुलगी झाली. बारशाला नागपूरहून कोणी आलं नाही. निरोप आला, पोरगी मध्यप्रदेशात जन्मली, तिकडेच वाढवा. ती आता आमच्या ओसरीवर धरून धरून चालते. तिच्या बापानं तिला अजून पाहिलेलं नाही. माझी पत्रकं तो माणूस अजूनही आपल्या बापाला वाचून दाखवतो, असं कळतं. राज्याची रेघ कोणी ओढली ते मला माहीत आहे, त्यांच्याशी मी भांडतो आहे, भांडेन. पण त्या दाराला कुलूप दिल्लीनं लावलं नव्हतं.

आणि हे मी आज लिहितो आहे ते ताईसाठी नाही. ताई इथं आहे, आमच्यात आहे. या उन्हाळ्यात त्या घरात जावयाच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. नवी सून आली. कुठली आहे, कोणाची आहे, मला ठाऊक नाही. मागची खोली रिकामी आहे.

तुम्ही त्या गल्लीत राहता. किंवा तशाच एखाद्या गल्लीत. तुम्हाला ते घर माहीत आहे. उगाच नाही म्हणू नका. काही महिन्यांनी तुम्ही विचाराल, सून दिसत नाही, आणि कोणी म्हणेल, माहेरी पाठवली. तेव्हा मान हलवून पुढे जाऊ नका. विचारा, कोण न्यायला आलं होतं, कोणत्या गाडीनं गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. दाराला बाहेरून कुलूप दिसलं आणि घरची माणसं फिरायला गेलेली असली, तर त्या दाराची कडी वाजवा. आतून आवाज येईपर्यंत वाजवा.